दहा-अकराचा पाना

गुरुलिंग : हे बघा बाई, माझाच हात हाय. बॅटरी कुणाला बी दिली की मी वरच्या शिशावर खिळ्यानं तारीख कोरतो. बारावा महिना, दोन हजार तेवीस. आज एप्रिलची कितवी?

सरजाबाई : एकवीस. आणि साल दोन हजार चोवीस. साल मला ठाऊक आहे रे, अजून तेवढी म्हातारी झाले नाही मी.

गुरुलिंग : तसं न्हाई बाई. हिशोब सांगून राहिलो. चार महिन्यांत ही बॅटरी चारदा मेली. चारदा मी चार्ज करून दिली. आता मी काय म्हणतो, गुन्हा बॅटरीचा न्हाई. गाडीतच कुणीतरी बसलंय आन् गपचूप पिऊन राहिलंय.

सरजाबाई : पिणारा जानेवारीत गेला की. तरी पिणं थांबत नाही, म्हणून तर तुला आज रविवारचं घरी बोलावलं. गॅरेजात नको म्हटलं. बसस्टँडमागं दहा माणसं गोळा होतात तुझ्याकडं.

गुरुलिंग : पिणारा म्हंजे भागवतकाका?

सरजाबाई : त्याचं नाव नको काढूस. तू काम कर.

गुरुलिंग : बरं. न्हाई काढत. ही बघा, गाडी बंद. दारं बंद. किल्ली तुमच्या हातात. आता मी बॅटरीची एक तार काढतो आन् मधी हे मीटर लावतो. आतलं सगळं झोपलेलं असलं तर इथं शून्य दिसाय पाहिजे. काय दिसतंय, वाचा.

सरजाबाई : चष्मा आत राहिला. तूच वाच.

गुरुलिंग : शून्य पूर्णांक अठरा.

सरजाबाई : शून्य पूर्णांक एक आठ म्हणतात. सातवीत दशांश अपूर्णांक तीनदा शिकवला तुला.

गुरुलिंग : तीनदा शिकवलात आन् तीनदा नापास केलात. पर बाई, तुमच्या पहिल्या नंबरच्या पोरांपैकी आज कुणाला ह्या आकड्याचा अर्थ सांगता येतो का बघा. ह्याचा अर्थ असा, की गाडी पाच-सहा दिवस उभी राहिली की खलास. सेल्फ मारला की नुसता टक् करून गप.

सरजाबाई : अगदी तसंच होतं. मग शेजारचे लोक धक्का मारतात. मागच्या महिन्यात शेजारच्या पुनमच्या सासऱ्यांनी धक्का मारला, त्यांची कंबर धरली. आता त्यांच्या घरासमोरून जायची चोरी झाली मला.

गुरुलिंग : एक इचारू? ही तार तुम्ही रोज काढत होता का?

सरजाबाई : मी? मला बॉनेट उघडता येत नाही धड.

गुरुलिंग : मग कुणी? ह्या नटाच्या कोरा बघा. हात लावून बघा. बॅटरी दिली तव्हा हा नट मी नवा करकरीत टाकला व्हता. आता पार गुळगुळीत. पन्नास-साठ बार तरी उघडला आन् लावला असंल कुणीतरी. आन् वरून व्हॅसलीन लावलंय, बोटानं, बारीक. हे गॅरेजवाल्याचं काम न्हाई. गॅरेजवाला ग्रीस थापतो.

सरजाबाई : बदली ड्रायव्हर येतात, त्यांचं असेल.

गुरुलिंग : बदली ड्रायव्हर व्हॅसलीन लावतो व्हय बाई? तो सीटसुद्धा पुसत न्हाई. जाऊ द्या. आता मी एकेक फ्यूज काढतो. ज्या फ्यूजनं आकडा खाली येईल, चोर त्या घरात. हा पुढच्या दिव्यांचा. काय न्हाई. हा मागचा. काय न्हाई. भोंगा... न्हाई.

सरजाबाई : आमचे डॉक्टर असते तर अर्ध्या तासात शोधला असता. गुरांचे डॉक्टर, पण जनावराच्या पोटाला कान लावायचे तसा ह्या बॉनेटलाही लावायचे. ही गाडी बहात्तर सालची. आम्ही अठ्ठ्याहत्तरला घेतली, लातूरच्या एका वकिलाकडून. अहमदपूरच्या आमच्या गल्लीत आली तेव्हा लोक बघायला आले होते. गाडी बघायला आणि गाडीत कोण बसलंय ते बघायला.

गुरुलिंग : माझा बाप सांगायचा. म्हणायचा, भूकंपाच्या साली हिची मागची सीट काढून टाकली व्हती.

सरजाबाई : काढली ती मीच. चादरी, पट्ट्या, पाण्याचे कॅन भरले. तीन दिवस किल्लारीकडं हेलपाटे. जाताना सामान, येताना माणसं. चालवत होता कोण? तोच. तीन दिवस तो झोपला नाही. म्हणून तर जास्त लागतं रे. ज्याच्यावर जीव टाकावा तोच माणूस रात्री गाडी काढून लग्नांना फिरवतो. नवरदेव मिरवायला जुनी गाडी म्हणून.

गुरुलिंग : तुम्ही बघितलं?

सरजाबाई : माझ्या आनंदराजच्या मित्रानं बघितलं. कंधारला, एका लग्नात. आनंदराजनं पुण्याहून फोन करून सांगितलं मला. मी सव्वीस जानेवारीला, शाळेतलं झेंडावंदन झाल्यावर, त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. सगळ्यांसमोर मागितली. म्हटलं, लग्नाला गाडी फिरवतोस ना, आता पायी फीर. हो नाही, काही बोलला नाही तो. किल्ली बॉनेटवर ठेवली, तिच्याशेजारी खिशातला एक पाना ठेवला आणि चालता झाला. पाना! डॉक्टरांचं हत्यार परत करतोय, असा तोरा.

गुरुलिंग : बाई, आठी फ्यूज काढले. आकडा हालंना.

सरजाबाई : म्हणजे काय?

गुरुलिंग : म्हंजे चोर घरातला न्हाईच. त्यानं सरळ मेन लाइनीवर आकडा टाकलाय. थांबा, डॅशबोर्डाखाली शिरतो. माझी बॅटरी द्या, ती उजेडाची. आन् पाय दिसले तर हसू नका, चड्डी फाटकी हाय.

सरजाबाई : तुझं तोंड चालतं तेवढा हात चालव.

गुरुलिंग : सापडलं.

सरजाबाई : काय आहे? उंदरानं वायर कुरतडलीय का?

गुरुलिंग : हा उंदीर दोन पायांचा हाय. ही काळी डबी बघा, काडेपेटीएवढी. चिकटपट्टी गुंडाळून पार मागं लपवलीय. तार सरळ मेनला. आत सीम कार्ड असतं, मोबाइलमधी असतं तसं. गाडी कुठं हाय, कुठं थांबली, किती वेळ थांबली, सगळं कुणाच्या तरी फोनवर दिसतं. ट्रॅकर म्हणतात. ट्रकवाले लावतात. पर ही सस्तातली हाय. आतला सेल फुगलाय, म्हणून डबी रातंदिवस चार्ज व्हायला बघती आन् तुमची बॅटरी पिती.

सरजाबाई : कुणी लावली?

गुरुलिंग : मला कसं ठाऊक असंल? जुनी बॅटरी मी डिसेंबरात बदलली, ती कव्हापासून मरू लागली व्हती?

सरजाबाई : दिवाळीनंतर.

गुरुलिंग : दिवाळीत गाडी कुणाच्या हातात गेली व्हती?

सरजाबाई : आनंदराज आला होता. लातूरला जातो म्हणाला, सीटकव्हर बदलायला. चार तासांनी आला. कव्हरं जुनीच. म्हणाला, मनासारखा रंग मिळाला नाही. मी म्हटलं, जाऊ दे, आहेत ती चांगलीच आहेत.

गुरुलिंग : काढून फेकू?

सरजाबाई : काढ. फेकू नको. आणि माझा मोबाइल दे इकडं. ते मोठ्या आवाजाचं बटण कुठं असतं ते लावून दे. ऐकू नीट आलं पाहिजे मला आज.

*

आनंदराज : जय भीम, आई. बोल. ऊन काय म्हणतंय?

सरजाबाई : जय भीम. गाडी कुठं आहे आनंद?

आनंदराज : कुठली गाडी?

सरजाबाई : आपली फियाट. तुझ्या फोनमध्ये बघून सांग.

आनंदराज : ...अं, आई, ऐक ना. तुला कुणी सांगितलं?

सरजाबाई : गुरुलिंगनं डबी काढली. माझ्या हातात आहे. गरम लागतेय.

आनंदराज : आई, ते तुझ्या सेफ्टीसाठी होतं. मी इथं पुण्यात, तू तिथं एकटी. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं तू त्या खटाऱ्यातून फिरतेस. काही झालं तर मला कळायला नको?

सरजाबाई : मग मला का नाही सांगितलंस?

आनंदराज : तू लावू दिलं असतंस?

सरजाबाई : नसतं लावू दिलं.

आनंदराज : मग!

सरजाबाई : बारा मार्चला मी कुठं होते?

आनंदराज : आता ते कशाला...

सरजाबाई : विचारतेय. सांग.

आनंदराज : लातूरला. डोळ्यांच्या दवाखान्यासमोर. दोन तास दहा मिनिटं.

सरजाबाई : त्या रात्री तुझा फोन आला होता. जेवलीस का विचारलंस. पाऊस पडला का विचारलंस. दवाखान्यात कशाला गेली होतीस, ते नाही विचारलंस.

आनंदराज : विचारलं असतं तर तुला कळलं असतं ना मला कसं कळलं ते.

सरजाबाई : हं. डाव्या डोळ्याचं मला निम्मंच दिसतंय आता. ते सांगायचं होतं तुला. आता दुसरं सांग. कंधारच्या लग्नात गाडी बघितली तो तुझा मित्र कोण?

आनंदराज : आई, ते जुनं झालं.

सरजाबाई : नाव सांग. मी त्याला भेटायला जाते.

आनंदराज : ...मित्र नव्हता कुणी.

गुरुलिंग : आयला.

आनंदराज : कोण आहे तिथं? स्पीकरवर टाकलंयस का आई?

सरजाबाई : गुरुलिंग आहे. असू दे. ज्याला गावासमोर चोर म्हटलं, त्याच्यासाठी एक साक्षीदार असू दे. बोल पुढं.

आनंदराज : तू माझी बाजू ऐक. रोज संध्याकाळी साडेसहा-सातला गाडी ॲपवरून गायब व्हायची. एकदम बंद. सकाळी आठला परत दिसायची, घराच्या दारातच. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिना दीड महिना रोज. काय समजायचं मी? भागवतकाकांना डबी दिसली असणार. ती बंद करून रात्री गाडी बाहेर काढत असणार. आणि जुन्या गाड्यांना आता लग्नात मागणी आहे, हे सगळ्यांना माहितीये. मी दोन आणि दोन चार केले.

सरजाबाई : आणि मित्र?

आनंदराज : तुला पटावं म्हणून. नुसता अंदाज सांगितला असता तर तू माझं ऐकलं असतंस? भागवतकाकांच्या विरुद्ध?

सरजाबाई : ज्यानं तुला शाळेत सोडलं, ज्यानं तुला सहस्रकुंडच्या रस्त्यावर गाडी शिकवली, त्याच्याविरुद्ध तू साक्षीदार तयार केलास.

आनंदराज : मी फक्त सावध केलं तुला. त्यांना कामावरून काढ म्हटलं नव्हतं. काढलंस तू आई. सगळ्यांसमोर किल्ली तू मागितलीस, मी नाही.

सरजाबाई : ते मात्र खरं बोललास. ठेवते.

*

गुरुलिंग : बाई, पाणी घ्या. घ्या म्हणतो ना. ऊन लई हाय.

सरजाबाई : तू जा आता घरी.

गुरुलिंग : जातो. पर आधी एक सांगा. त्या दिवशी भागवतकाकानं बॉनेटवर ठिवला तो पाना कितीचा व्हता?

सरजाबाई : मला काय कळतं त्यातलं? आत किल्ल्यांच्या ताटलीत पडलाय. थांब, आणते.

गुरुलिंग : हां. दहा-अकराचा. आता बघा, मी लावतो. ह्या गुळगुळीत नटाला बरोबर बसला का न्हाई?

सरजाबाई : बसला.

गुरुलिंग : बॅटरी मराय लागली. काकाला दुरुस्ती येत न्हाई, त्यो ड्रायव्हर माणूस. पर जुन्या लोकांची एक रीत असती. खोट सापडत नसली तर सांजच्याला गाडी लावताना बॅटरीची तार काढून ठिवायची, सकाळी परत लावायची. रातच्याला बैल दावणीला बांधायचा, मोकळा चरू द्यायचा न्हाई, तसं. डिसेंबरापास्नं त्यो रोज तार काढत व्हता. तार निघाली की डबी मेली, डबी मेली की पुण्यात गाडी गायब. गाडी दारातच उभी, बाई. रोज रातच्याला दारातच.

सरजाबाई : एकदा म्हणाला होता मला. "आक्का, बॅटरीचा बंदोबस्त केलाय मी, तुम्ही घोर करू नका." मी गॅसच्या टाकीची पावती शोधत होते. हं म्हटलं. काय बंदोबस्त, ते नाही विचारलं.

गुरुलिंग : म्हणून त्यो गेल्यावर बॅटरी जास्तच मराय लागली. तुम्ही म्हणत व्हता, पिणारा गेला तरी पिणं चालू हाय. पिणारा गेला नव्हता. वाचवणारा गेला व्हता.

सरजाबाई : आणि जाताना पाना ठेवून गेला. मला कळावं म्हणून.

गुरुलिंग : व्हय. तुम्हाला काढता यावी तार म्हणून.

सरजाबाई : गाडी सुरू होते का आता?

गुरुलिंग : आता काय धाड भरलीय तिला.

सरजाबाई : मग तू चालव. आत्ता. कंधारकडं त्याच्या गावाला.

*

भागवत : या आक्का. सावलीला बसा. साखरा, पाण्याचा तांब्या आण गं, अहमदपूरच्या आक्का आल्यात. गाडीचा आवाज वेशीतच वळखला मी. दुसरा गिअर टाकताना कुरकुरती अजून.

सरजाबाई : भागवत, मी बसायला आले नाही.

भागवत : बसा तर. गुरुलिंग, तू गाडीपाशीच थांबतूस? बरं, थांब.

सरजाबाई : ही बघ. डॅशबोर्डमागं होती. आनंदराजनं लावली होती, दिवाळीत. हिच्यानं बॅटरी मरत होती. तू तार काढायचास तेव्हा ही बंद पडायची, आणि त्याला वाटायचं तू गाडी पळवलीस. कंधारचं लग्न खोटं होतं. कुणी काही बघितलं नव्हतं.

भागवत : ही व्हय. ठावं हाय मला ही.

सरजाबाई : काय?

भागवत : डिसेंबरातच दिसली व्हती. एकदा सांज झाल्यावर तुमचा चष्मा सीटखाली पडला, तो हुडकाय खाली वाकलो. लाल ठिपका लुकलुकत व्हता. मला वाटलं चोर-घंटी असंल. आनंदनं बसवली, तर तुम्हाला ठावंच असंल. मालकाची वस्तू, आपण कामून हात लावा? तार तेवढी काढत गेलो, बॅटरीसाठी.

सरजाबाई : मला सांगायचंस तरी!

भागवत : घरात मायलेकांनी मिळून लावलेली वस्तू, मी काय सांगू? मग झेंडावंदनाला तुम्ही किल्ली मागितली. म्हणलात, रातच्याला गाडी फिरवतूस. तव्हा डोक्यात उजेड पडला, की ती चोर-घंटी नव्हती. माझ्यावर नजर ठिवायला लावली व्हती. आन् तुम्हीच लावाय सांगितली व्हती.

सरजाबाई : मी नव्हती रे सांगितली. मला आजपर्यंत माहीत नव्हती.

भागवत : ते आज कळलं. तीन महिने तर मी तसंच समजून व्हतो. झोपताना हेच यायचं डोक्यात. आक्का म्होरं बसून विहाराचं, शाळेचं, डॉक्टरसायबांचं बोलायच्या, आन् डॅशबोर्डामागं ती डबी लुकलुकत व्हती.

सरजाबाई : मग त्या दिवशी बोलला का नाहीस? एक शब्द बोलायचास. तार काढतो म्हणायचंस.

भागवत : तुम्ही इचारलं न्हाई, आक्का. किल्ली मागितली. त्रेचाळीस वर्सांत तुम्ही मला समदं इचारलं. आनंदला कुठल्या शाळेत घालू, डाळ कुठल्या दुकानातली आणू, डॉक्टरसायबांना म्होरून खांदा कुणी द्यायचा. तेवढं एक त्या दिवशी इचारलं न्हाई. मग म्या काय बोलावं?

सरजाबाई : चूक झाली माझी. पोरानं खोटं सांगितलं, पण विश्वास ठेवला मी. तुझ्या दारात माफी मागते. आणि येत्या पंधरा ऑगस्टला त्याच शाळेत, त्याच लोकांसमोर मागेन.

भागवत : दारातली पुरे झाली. लोकांचं काय? एक्क्याऐंशी साली मी तुमच्याकडं राहिलो तव्हा ह्याच गावानं काय काय म्हणलं. बौद्धाच्या घरची गाडी हाकतूस, त्यांच्या ताटात जेवतूस. मी म्हणलं, हाव, जेवतो, चव लई हाय आक्काच्या हाताला. ते बोलणं मला कव्हा लागलंच न्हाई. ती माणसं माझी नव्हती.

सरजाबाई : चल परत. ही किल्ली धर.

भागवत : न्हाई आक्का.

सरजाबाई : रागावलास?

भागवत : राग असता तर बरं झालं असतं, राग उतरतो. आता किल्ली हातात घेतली की पयल्यांदा मी डॅशबोर्डाखाली बघीन. रोज बघीन. असं बघत गाडी चालवता येत न्हाई. चहा घेऊन जा. साखरानं टाकलाय.

सरजाबाई : घेते.

भागवत : आन् पाना संभाळून ठिवा. तो डॉक्टरसायबांचा न्हाई. माझ्या पैल्या पगारातला हाय.

*

(दीड वर्ष सरलं आहे. दिवाळी नुकतीच झालेली. अहमदपूरचं तेच अंगण, तीच गाडी.)

गुरुलिंग : बाई, एक नंबर हाय बॅटरी. अजून दोन वर्सं बघाय नको. आता नांदेडचा एक जण त्याची जुनी जीप माझ्याकडंच पाठवतो, बोला! बोर्डावर लिहून घेतलंय मी, "जुन्या गाड्यांची खोट शोधून मिळेल."

सरजाबाई : "खोट" बरोबर लिहिलंय का? का तिथं पण नापास?

गुरुलिंग : पेंटरनं लिहिलंय. आनंदराजसाहेब आले व्हते म्हणं दिवाळीला?

सरजाबाई : आला. दोन दिवस राहिला. पुण्याहून भाड्याची गाडी करून आला, फियाटला हात लावला नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशनही मागं त्यानंच करवलं लातूरला नेऊन, रजा काढून. वाईट नाही तो. दर रविवारी फोन करतो. आधी विचारतो, आई, कुठं आहेस?

गुरुलिंग : मग?

सरजाबाई : मी म्हणते, घरीच. घरी असले तरी तेच सांगते, नसले तरी तेच.

गुरुलिंग : आन् भागवतकाका? मागं मला कंधारात दिसले, शाळेची व्हॅन चालवतात. पोरं लई चढून बसतात अंगावर.

सरजाबाई : मागच्या वर्षी पंधरा ऑगस्टला मी माईकवरून सगळं सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला काय उपयोग? तो नव्हताच आलेला. सोमवारी बाजाराला येतो इथं. पलीकडच्या गल्लीनं जातो. मेमध्ये त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, ऋतुजाचं. पत्रिका घेऊन मात्र स्वतः आला होता.

गुरुलिंग : आन् तुम्ही गेला?

सरजाबाई : जाणार नाही? लुगडं घेऊन गेले. त्यानं पहिल्या रांगेत बसवलं, स्वतःच्या हातानं वाढलं. पत्रिका द्यायला आला तेव्हाच मी विचारलं होतं, नवरीला मिरवायला फियाट पाठवू का? धुऊन, फुलं लावून. गाडीकडं बघितलं त्यानं. मग म्हणाला, "आक्का, तुम्ही या. गाडी नको."

गुरुलिंग : ...बरोबर हाय.

सरजाबाई : हो. बरोबर आहे.

गुरुलिंग : पर बाई, एक कळंना. मागं मी नवा नट टाकला व्हता, त्याच्या कोरा परत गुळगुळीत झाल्यात. व्हॅसलीन बी ताजं हाय. रोज सांजच्याला तार काढून राहिलात का तुम्ही?

सरजाबाई : काढते. आता बॉनेट उघडता येतं मला.

गुरुलिंग : पर कशापायी? डबी काढली तव्हाच खोट गेली. महिनाभर उभी ठिवली तरी काय व्हत न्हाई आता. गरजच न्हाई बाई.

सरजाबाई : गरज नाही, ठाऊक आहे. त्या वेळी तो रोज काढत होता, आणि मी खिडकीशी असून एकदाही बघितलं नाही.